उजवा हात खिशात घालून

शनिवारी सकाळची गाडी धरतो, म्हणाला इलियास.
फोनवर एवढंच, आणि वर:
मरळ हाय का रे अजून तुमच्या पाण्यात?
आहे म्हणालो.
नसती तरी शनिवारपर्यंत आणली असती.

येलदरीचं पाणी यंदा माघातच बाभळींच्या खाली उतरलंय.
काल चालत जाऊन बघून आलो.
गाळाला वर पापुद्रा, आत घोटाभर ओल.
चप्पल रुतेल, काढायला वाकेल, तोल जाईल,
म्हणून संभा भोयाकडून दोन फळ्या मागून आणल्या
आणि पाठ टेकेल असा एक धोंडा
पोरांना पन्नास रुपये देऊन काठापर्यंत लोटत नेला.

तंगूस नवा, जिंतूरच्या बाजारातला.
तरंडा मोरपिसाच्या देठाचा.
वजनाला जुन्या फ्यूजची तार गुंडाळली,
सव्वीस वर्षं लाइनमन होतो, घरात दुसरं काय सापडणार.

मग परसात बसलो, उजवा हात पँटच्या खिशात घालून,
आणि डाव्यानं गळाला गांडूळ लावायला लागलो.
गांडूळ मातीत पडलं. गळ अंगठ्यात शिरला.
दुसरं घेतलं. तेही.
दारातून गयाबाई: काय करायलाव वो, हात दुखायलाय का?
नाही. बघायलोय.
काय बघायलाव?

बरणीचं आट्याचं झाकण काढून टाकलं,
वर फडकं, त्याला रबर, नखानं सरकेल इतकं सैल.
काठीच्या बुडाला सायकलच्या ट्यूबचा पट्टा शिवला,
कोपराखाली अडकवता येईल असा.
माप माझ्याच हाताचं घेतलं.
दातांनी गाठ आवळता येते, हे मला सोमवारी कळलं.
त्याला बावीस वर्षांपूर्वी कळलं असेल,
परभणीच्या सरकारी दवाखान्यात,
पायजम्याची नाडी बांधताना.

गयाबाई घरात मासळी शिजू देत नाही.
मागच्या भिंतीला तीन दगड मांडलेत,
जर्मनचं पातेलं वेगळं, पळी वेगळी,
कारळाचं कूट, चिंच बेतानं.
भाकरी ती देईल, लांबून, पण तव्यावरची.
आणि तरुणपणी हा माणूस
काटेरी खवल्यांवर जीव टाकायचा,
एकेक काटा चिमटीत धरून ताटाच्या कडेला रांगेत लावायचा.
मरळीला काटा कमी.
मरळच का विचारली ते मला काल रात्री दोन वाजता कळलं,
मग झोप लागली नाही.

हुरडाही आहे, धुरपताच्या रानातला.
तो चोळायला दोन तळवे लागतात,
म्हणून कणसं त्याच्यापुढे आणायचीच नाहीत,
भाजून, चोळून, फुंकून, वाटीतच द्यायचा.
तर तो हसणार:
क्या घुगे, दुल्हन बनाके रखा रे मेरेकू.
हसू दे.

अकरा हजारच्या त्या खांबासाठी त्या रात्री
वहीत नाव माझं होतं.
मला ताप होता. एकशे दोन.
थर्मामीटर गयाबाईनंही बघितला होता,
विचारा तिला.
तो शिडी खांद्यावर घेऊन म्हणाला होता, पडा रह, मैं आता.
यावर आम्ही कधी बोललो नाही.
दर ईदला फोन होतो, पाऊस किती, पोरं काय करतात,
तेवढंच.

आज शुक्रवार. दिवेलागणीच्या आधी
डाव्या हातानं एक गांडूळ नीट बसलं,
शेपटी सुटी, वळवळणारी, जशी मरळीला लागते.
बराच वेळ बघत बसलो.
हाक मारून कुणाला दाखवावं असं वाटलं, मारली नाही.
सोडून दिलं कुंडीत.

फाट्यावर गाडी साडेनवाला लागते, मी आठलाच जाईन.
फळ्यांना रात्री दव येतं, पोतं टाकायचं.
आणि त्याच्यासमोर
दोन्ही हात बाहेर ठेवायचे,
नेहमीसारखे,
चार दिवसांची खिशाची सवय लागलीय ती
गाडी यायच्या आत सुटली पाहिजे.